झोप मिळत नाही की झोप येत नाही?

धाकट्या बहिणीला आठवा महिना लागला होता आणि ती बाळंतपणासाठी माहेरी आली होती. रात्री दीडच्या सुमारास मी पाणी प्यायला उठले, तर स्वयंपाकघरात दिवा न लावता ती शहाबादी फरशीवर अनवाणी फेऱ्या मारत होती. "फरशी गार लागते, तेवढंच बरं वाटतं," ती म्हणाली. पोटऱ्यांच्या आतून काहीतरी वळवळल्यासारखे होते, पाय ताणला की क्षणभर थांबते आणि पुन्हा अंथरुणावर पाठ टेकली की सुरू होते, असे तिचे वर्णन होते. सकाळी हे ऐकल्यावर घरातल्या प्रत्येकाने आपापल्या परीने तिची समजूत घातली. या दिवसांत होतंच असं; आता मिळेल तेवढी झोपून घे, नंतर तर झोपेचं नावच नको. पुढच्या तपासणीत तिच्या शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ तळाला गेलेला निघाला, आणि महिनाभर "होतंच असं" म्हणून सोडून दिलेल्या त्या फेऱ्यांना एक नेमके आणि उपचार असलेले कारण होते हे तेव्हा कळले.

गरोदर बाईच्या आणि बाळंतिणीच्या झोपेकडे आपण पाचवीला पुजलेली गोष्ट म्हणून पाहतो. तिची झोपमोड होणारच, ती सोसायची, आणि मूल मोठे झाले की संपेल, असा हिशेब असतो. त्यातला बराच भाग खरा आहे, आणि म्हणूनच उरलेला भाग नजरेतून सुटतो. मराठीत या बाबतीत दोन वाक्ये आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो: "मला झोप मिळत नाही" आणि "मला झोप येत नाही". पहिलीत झोप तयार असते, पण लघवी, छातीतली जळजळ, अवघडलेले अंग किंवा रडणारे बाळ ती मोडते. दुसरीत अंथरूण आहे, अंधार आहे, वेळही आहे, तरी डोळा लागत नाही. पहिलीवर उपाय बहुतांशी घरातल्या व्यवस्थेचा असतो, तर दुसरीमागे अनेकदा एखादा आजार असतो. या लेखातले पुढचे सगळे या दोन वाक्यांतल्या फरकाभोवती फिरते.

आधी झोप येते कशी, हे थोडक्यात पाहू. झुरिचचे शास्त्रज्ञ अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेली आणि आजही पायाभूत मानली जाणारी कल्पना अशी, की झोप दोन गोष्टींच्या जुळणीतून येते. आपण जितका वेळ जागे असतो तितका झोपेचा दाब वाढत जातो. मेंदूत अडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाणे हे या दाबाचे एक रूप आहे, आणि चहा-कॉफीतले कॅफिन या अडेनोसिनलाच आपले काम करू देत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचे घड्याळ. ते उजेड आणि अंधार यांवर चालते, रात्री मेलॅटोनिन हे संप्रेरक वाढवते आणि शरीराचे तापमान किंचित उतरवते. दाब पुरेसा साठला आणि घड्याळानेही रात्र झाल्याचे सांगितले, की झोप लागते. लागल्यावर ती एकसारखी राहत नाही. साधारण ९० मिनिटांची आवर्तने होतात, त्यांतली गाढ झोप बहुतांश रात्रीच्या पहिल्या भागात आणि स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते. ही शेवटची बाब ध्यानात ठेवावी, कारण बाळंतिणीच्या रात्रीची वाटणी करताना तिचा उपयोग होतो.

गरोदरपणाचे पहिले तीन महिने यात एक गमतीदार विसंगती आणतात. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने वाढते आणि त्याचा मेंदूवर पेंग आणणारा परिणाम होतो. दिवाळखरेदीला उत्साहाने निघालेली मुलगी दुपारी दोनला दुकानातल्या खुर्चीत डुलक्या घेते, आणि रात्री मात्र तीनदा उठते. तिच्या मूत्रपिंडांतून गाळल्या जाणाऱ्या द्रवाचे प्रमाण या काळात सुमारे दीडपट होते आणि वाढणारे गर्भाशय मूत्राशयावर दाबते. पुढच्या महिन्यांत आणखी एक भर पडते: दिवसभर पायांत उतरलेले पाणी आडवे झाल्यावर पुन्हा रक्तात येते आणि मूत्रपिंडे ते रात्री बाहेर टाकतात. त्यामुळे पाणी पिणे तोडण्यापेक्षा दिवसा पुरेसे पिऊन रात्रीच्या जेवणानंतर कमी करणे आणि संध्याकाळी अर्धा तास पाय उशीवर उंच ठेवून पडणे हे अधिक उपयोगी ठरते. लघवीला जळजळ, ताप किंवा दुर्गंधी असेल, तर मात्र ती तपासायलाच हवी, कारण गरोदरपणातला मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग अंगावर काढण्याचा विषय नाही.

तेच प्रोजेस्टेरॉन जठराच्या तोंडाशी असलेली झडप सैल करते, आणि शेवटच्या महिन्यांत गर्भाशय जठराला खालून वर ढकलते. परिणामी रात्री आडवे झाल्यावर घशाशी आंबट येते. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवणे, रात्रीचे जेवण हलके ठेवणे आणि नुसते डोके उचलण्याऐवजी पाठीपासून वरचा भाग उंच होईल अशा उशा रचणे, एवढ्याने बऱ्याच जणींना आराम पडतो. डाव्या कुशीवर झोपल्यास जठराची रचनाच अशी आहे की आम्ल वर येणे कमी होते. नाही भागले, तर गरोदरपणात चालणारी औषधे डॉक्टर देतात.

कुशीचा विषय निघालाच आहे, तर त्यावर जरा थांबू, कारण याबाबत घरोघरी बराच धाक असतो. पाठीवर उताणे झोपल्यावर भरलेले गर्भाशय शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर दाबते, त्यामुळे हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि काहींना गरगरतेही. न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या संशोधकांनी २०११ मध्ये याकडे लक्ष वेधले, आणि २०१९ मध्ये निरनिराळ्या देशांतील अशा अभ्यासांची माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणात असे दिसले, की २८ आठवड्यांनंतर उताण्या स्थितीत झोपी जाणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत बाळ जन्मण्याची शक्यता कुशीवर झोपी जाणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे २.६ पट होती. आकडा भीतिदायक वाटतो, म्हणून त्याच्या दोन बाजू सांगायला हव्यात. पहिली अशी, की डावी आणि उजवी कूस यांत त्या विश्लेषणात फरक आढळला नाही. दुसरी अशी, की हा आकडा झोपी जातानाच्या स्थितीबद्दल आहे. मध्यरात्री जाग आल्यावर आपण उताण्या आहोत असे दिसले, तर घाबरून रात्रभर जागण्याचे कारण नाही. कुशीवर वळावे आणि पुन्हा झोपावे, एवढाच सल्ला ब्रिटनमध्येही दिला जातो. पाठीमागे एक लोड आणि गुडघ्यांमध्ये एक उशी ठेवली, की अंग आपोआप कुशीवर राहते. कूस बदलताना आधी उठून बसावे, नाहीतर बाळाला नाळेचा वेढा पडतो, असे काही घरांत बजावले जाते. नाळेचे वेढे पोटातल्या पाण्यात बाळ स्वतः फिरते त्याने पडतात, आईच्या कूस बदलण्याने नाही. त्या धाकापायी रात्रीतून दहा वेळा उठून बसणाऱ्या बाईची झोप मात्र नक्की मोडते.

पायांतली वळवळ

आता त्या फरशीवरच्या फेऱ्यांकडे येऊ. पायात गोळा येणे किंवा वांब येणे ही वेगळी तक्रार आहे: त्यात पोटरीचा स्नायू दगडासारखा आवळतो, जोरात कळ येते, आणि पाऊल आपल्याकडे ओढून धरले की गोळा उतरतो. बहिणीला होत होते ते असे नव्हते. संध्याकाळनंतर वाढणारी, स्वस्थ बसल्या-पडल्यावर सुरू होणारी, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही अशी ती ओढ, आणि हलवल्यावर तेवढ्यापुरता आराम. या चार खुणा जुळल्या तर तिला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम, म्हणजे अस्वस्थ पायांचा विकार म्हणतात. स्वीडनचे डॉक्टर कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी १९४० च्या दशकात त्याचे सविस्तर वर्णन केले आणि गरोदर स्त्रियांत तो बराच आढळतो हेही नोंदवले. आजच्या अंदाजानुसार साधारण पाच गरोदर स्त्रियांपैकी एकीला तो होतो, सातव्या महिन्यानंतर सर्वांत जास्त, आणि बहुतेकींचा बाळंतपणानंतर थोड्याच काळात जातो.

यामागे लोहाचा मोठा हात असतो. मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोहोचवणारे डोपामिन हे द्रव्य तयार करणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, काम करण्यासाठी लोह लागते; लोह कमी पडले, की हालचालींचे नियंत्रण करणारी डोपामिनची व्यवस्था, विशेषतः रात्री, बिघडते, असे मानले जाते. गंमत अशी, की हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. हिमोग्लोबिन म्हणजे खिशातली रोकड असे समजले, तर फेरिटिन ही बँकेतली शिल्लक. शिल्लक संपत आली तरी काही दिवस खिसा भरलेला दिसतो. म्हणून अशी तक्रार असलेल्या स्त्रीने फेरिटिनची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारावे. आपल्याकडे तर या प्रश्नाला अधिकच वजन आहे, कारण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले होते.

सरकारी कार्यक्रमात गरोदर स्त्रीला रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असलेली गोळी चौथ्या महिन्यापासून १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस दिली जाते. आशाताई ती लाल गोळी घरी आणून देतात, तरी पुष्कळदा ती कामाला येत नाही, आणि त्याचे कारण आपल्या सकाळच्या सवयीत असते. आमच्याकडे गोळी चहाच्या डब्याशेजारी ठेवलेली असायची, म्हणजे विसरायला नको. आणि मग साहजिकच ती चहाबरोबर जायची. चहातले टॅनिन लोह अडवते, दूध आणि कॅल्शियमची गोळीही त्याच्या शोषणात आड येते. गोळी चहापासून निदान तासभर दूर, कॅल्शियमच्या वेळेपासून वेगळी आणि लिंबूपाणी किंवा आवळ्यासोबत घेतली, तर तीच गोळी अधिक लागू पडते. गोळीने पोट बिघडत असेल किंवा शिल्लक फारच घसरली असेल, तर डॉक्टर शिरेतून लोह देण्याचा विचार करतात. आणखी एक अनपेक्षित कारण म्हणजे औषधे: सर्दीवरच्या गुंगी आणणाऱ्या काही गोळ्या आणि उलटी थांबवणारे मेटोक्लोप्रमाइड यांनी पायांची ही वळवळ वाढू शकते. त्यामुळे झोप यावी म्हणून सर्दीची गोळी घेणारी बाई रात्रभर फेऱ्या मारत बसण्याची शक्यता असते.

घोरणे आणि खाज या दोन गोष्टींवर फार लिहिण्याची गरज नाही, पण त्या वगळताही येणार नाहीत. गरोदरपणात इस्ट्रोजेनमुळे नाकातली त्वचा सुजते आणि वजनही वाढते, म्हणून कधी न घोरणारी बाईही घोरू लागते. घरात यावर विनोद होतात. परंतु घोरण्यासोबत झोपेत श्वास अडकणे, दचकून जाग येणे, सकाळी डोके दुखणे असे असेल, तर तो स्लीप ॲप्निया असू शकतो. अमेरिकेत पहिलटकरणींवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सुरुवातीच्या काळात ३.६ टक्के आणि मधल्या काळात ८.३ टक्के स्त्रियांना तो होता, आणि त्यांच्यात रक्तदाबाचे विकार आणि गरोदरपणातला मधुमेह अधिक आढळला. नव्याने सुरू झालेले मोठे घोरणे म्हणूनच पुढच्या तपासणीत, रक्तदाब मोजला जात असताना, आवर्जून सांगावे. दुसरी गोष्ट खाजेची. शेवटच्या तीन महिन्यांत पुरळ नसताना तळहात आणि तळपाय खाजत असतील, आणि ती खाज रात्री वाढून झोप मोडत असेल, तर यकृतातून पित्त नीट न वाहिल्याने होणारा कोलेस्टॅसिस हा विकार तर नाही ना, हे रक्त तपासून लगेच पाहावे लागते, कारण त्याचा धोका बाळाला असतो. खोबरेल तेल चोळून ती खाज दोन दिवस दबते आणि तपासणी लांबते.

चहाबद्दलही एक गोष्ट फारशी माहीत नसते. एरवी घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मे शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. गरोदरपणाच्या शेवटी यकृताचा वेग मंदावतो आणि हाच काळ १५ तासांच्या आसपास जाऊ शकतो. म्हणजे दुपारी चारच्या चहातले निम्मे कॅफिन दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत रक्तात असते. "मी तर रात्री चहा घेतच नाही," हे त्यामुळे पुरेसे उत्तर ठरत नाही. झोपेच्या गोळ्या मात्र, अगदी औषधाच्या दुकानात सहज मिळणाऱ्या किंवा आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्याही, या काळात डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आणि आधीपासून मानसिक आजाराची औषधे चालू असतील तर ती आपल्या मनाने बंदही करू नयेत, कारण अचानक बंद केल्याचा त्रास आई आणि बाळ दोघांना होऊ शकतो.

पाचवीच्या रात्रीनंतर

महाराष्ट्रात बाळाच्या जन्मानंतर पाचव्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते अशी समजूत आहे, आणि त्या रात्री घर जागते. या जागरणाची वेळ मला नेहमी विचार करायला लावते. वार बाहेर पडल्यावर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांची पातळी काही दिवसांत कोसळते, दूध उतरू लागते, टाके दुखत असतात, आणि बाळंतिणीचे विनाकारण रडू येणे, चिडणे, भरून येणे साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशीच सर्वांत जास्त असते. ही उदासी पुष्कळ जणींना येते आणि दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. नेमक्या त्या दिवसांत बाळंतिणीला एकटे सोडायचे नाही, असा नियम कोणीतरी केव्हातरी घातला असेल तर तो शहाणपणाचा होता. फक्त जागरण इतरांनी करावे आणि तिला झोपू द्यावे, एवढी दुरुस्ती त्यात करायला हवी.

नवजात बाळ दिवसाचे १४ ते १७ तास झोपते, हे ऐकून आईला कुणीतरी चेष्टा करते आहे असे वाटते. ते तास खरे असतात, पण तुकड्यांत असतात. बाळाचे झोपेचे आवर्तन ५०-६० मिनिटांचेच असते, त्याचे जठर लहान असते, त्याला दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा दूध लागते, आणि मुख्य म्हणजे त्याच्याकडे घड्याळच नसते. पोटात असताना आईचे मेलॅटोनिन वारेतून त्याच्यापर्यंत पोहोचत होते. जन्मानंतर ती सोय संपते आणि स्वतःची लय बसायला दोन-तीन महिने जातात. आईच्या रात्रीच्या दुधात मेलॅटोनिन असते, दिवसाच्या दुधात ते जवळपास नसते, ही त्या मधल्या काळातली निसर्गाची छोटी मदत. आपणही त्यात हातभार लावू शकतो. दिवसा बाळाला उजेडात आणि घरच्या आवाजात राहू द्यावे, रात्री पाजताना मंद दिवा ठेवावा, आणि लंगोट बदलताना गप्पा मारू नयेत. बाळंतिणीची खोली दिवसभर पडदे ओढून काळोखी ठेवण्याची आपली पद्धत बाळाच्या आणि आईच्याही घड्याळाला गोंधळात टाकते.

जर्मनीतल्या हजारो आईवडिलांच्या माहितीवर आधारलेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो, की बाळाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईची झोप पूर्वीपेक्षा सरासरी तासाभराने कमी होते, आणि वडिलांची सुमारे पाव तासाने. तासभर म्हणजे काही फार नाही, असे एखादा म्हणेल. पण हा तास एका तुकड्यात जात नाही. दहा ते सहा या आठ तासांत तीन वेळा पाजणे म्हणजे प्रत्येक वेळी पाऊण तास, त्यात ढेकर काढणे, पुन्हा निजवणे आणि स्वतःला पुन्हा डोळा लागायचा वेळ. उरलेल्या तुकड्यांपैकी एखादाच ९० मिनिटांचे आवर्तन धडपणे पुरे करतो. म्हणून बाळंतिणीसाठी एकूण तास मोजण्यापेक्षा सलग तास मोजावेत. गाढ झोप पहिल्या भागात जास्त असल्याने सलग चार-पाच तास मिळाले, तर शरीराची सर्वांत निकडीची गरज बरीचशी भागते.

हे चार-पाच तास आणायचे कुठून, हा निव्वळ घरातल्या वाटणीचा प्रश्न आहे. आमच्याकडे शेवटी ठरले ते असे: बहीण नऊला पाजून दुसऱ्या खोलीत झोपायची, मेहुणे आले असतील तेव्हा ते आणि एरवी आई दोन वाजेपर्यंत बाळाकडे बघायची, मधल्या एका वेळेला दिवसा काढून फ्रिजमध्ये ठेवलेले तिचेच दूध वाटी-चमच्याने पाजले जायचे. पहिल्या काही आठवड्यांत दूध नीट उतरेपर्यंत हे जमत नाही. तेव्हा बाळाला आईजवळ आणून पाजून झाले की लगेच उचलून नेणे, ढेकर, लंगोट आणि निजवणे दुसऱ्याने करणे, एवढे तरी होऊ शकते. नोकरदार आईला आपल्या कायद्याने २०१७ पासून २६ आठवड्यांची रजा आहे, पण खाजगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एक दिवसही नाही, आणि रात्रीची वाटणी बिघडण्यात या गोष्टीचा वाटा बराच आहे असे मला वाटते. थकलेल्या माणसाने बाळाला घेऊन सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत टेकू नये, हेही इथेच सांगायला हवे. तिथे डोळा लागला तर बाळ कुशीत किंवा गादीच्या फटीत दबून गुदमरण्याचा धोका असतो. बाळाला पाठीवर, सपाट आणि टणक बिछान्यावर, उशी-दुलईशिवाय निजवावे.

जुन्या पद्धतींतल्या काही खरोखर कामाच्या आहेत. सव्वा महिना बाळंतिणीला घरकामातून मोकळे ठेवणे, तिच्यासाठी अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू करणे, अंग रगडून कोमट पाण्याने न्हाऊ घालणे, यांत विश्रांतीची जाण आहे. "बाळंतिणीने दुपारी झोपू नये, अंग जड होतं" हा दंडक मात्र त्या सगळ्याच्या विरुद्ध जातो. बारशाच्या आधीपासून सुरू होणारी पाहुण्यांची रीघही तशीच. बाळ झोपले की आईने झोपावे असे सांगणारी माणसेच तिला उठून बसायला लावतात. बंद खोलीत शेगडीवर शेक आणि धुरी देताना कोळशाचा विषारी वायू कोंडतो, तेव्हा खिडकी उघडी हवी. आणि बाळ शांत झोपावे म्हणून गुटीत जायफळ जास्त उगाळणे हे धोक्याचे आहे. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीच नको, आणि जायफळाची गुंगी म्हणजे झोप नाही.

मिळूनही न येणारी झोप

आतापर्यंतचे सगळे मिळत नसलेल्या झोपेबद्दल झाले. आता समजा, बाळ आजीकडे आहे, खोलीत अंधार आहे, हातात तीन तास आहेत, आणि आई छताकडे बघत पडली आहे. हे एखाद्या रात्री झाले तर ठीक. दोन आठवडे बहुतेक रात्री असेच होत असेल, तर आधी तिला विचारावे लागते की डोक्यात काय चालले आहे. बाळाचा श्वास चालू आहे ना हे दर दहा मिनिटांनी बघावेसे वाटणे, आपण चांगली आई नाही असे वाटत राहणे, कशातच गोडी न वाटणे, बाळाबद्दल काहीच न वाटणे, या बाळंतपणानंतरच्या नैराश्याच्या आणि चिंतेच्या खुणा असू शकतात. ते नैराश्य ओळखण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या, १९८७ मध्ये तयार झालेल्या एडिंबरो प्रश्नावलीतल्या दहा प्रश्नांपैकी एक झोपेबद्दलच आहे. पण तो नुसती झोप किती झाली असे विचारत नाही, तर मन इतके दुःखी आहे का की झोप लागणे अवघड झाले, असे विचारतो. गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेल्या स्त्रियांचा अभ्यास करून २००२ मध्ये तो प्रसिद्ध केला, तेव्हा सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या २३ टक्के स्त्रियांना नैराश्य असल्याचे आढळले. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी यांचा त्याच्याशी संबंध दिसला. अशा घरात "झोप येत नाही" या तक्रारीवर गरम दुधाचा पेला हे उत्तर होऊ शकत नाही.

काही वेळा कारण गळ्यात असते. बाळंतपणानंतर पहिल्या काही महिन्यांत काही स्त्रियांच्या थायरॉईड ग्रंथीला सूज येते. आधी संप्रेरक जास्त सांडते, तेव्हा छाती धडधडते, घाम येतो, वजन उतरते आणि झोप उडते, आणि पुढे ते कमी पडून सुस्ती येते. या साऱ्यावर "बाळामुळे दमली आहे" हे लेबल चपखल बसते आणि रक्ताची साधी तपासणी राहून जाते.

आणि एक प्रकार असा, की ज्यात एक रात्रही थांबू नये. बाळंतपणानंतर, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, एखादी स्त्री दोन-तीन रात्री जवळजवळ झोपलेलीच नाही, तरी तिला थकवा नाही. ती भरभर बोलते, विषय बदलते, संशय घेते, नसलेले आवाज ऐकते, बाळाबद्दल विचित्र बोलते. हा प्रसूतीनंतरचा सायकोसिस असतो. हजार बाळंतपणांत एक-दोनदा होणारा हा आजार आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतो, आणि वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक स्त्रिया पूर्ण बऱ्या होतात. बाहेरची बाधा, दृष्ट किंवा सटवाईचा कोप यांच्या मागे लागण्यात जे दिवस जातात ते इथे फार महाग पडतात. तिला एकटे सोडू नये, बाळ दुसऱ्याकडे द्यावे आणि मानसोपचार विभाग असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी न्यावे. तिच्या किंवा तिच्या आईबहिणीच्या पूर्वायुष्यात असा आजार किंवा बायपोलर विकार, म्हणजे मन कधी अतिउत्साहात तर कधी खोल नैराश्यात जाण्याचा आजार, असेल, तर हे गरोदरपणातच डॉक्टरांना सांगून ठेवावे. काय करावे सुचत नसेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येते.

यांपैकी कोणतेच कारण नसेल, आणि तरी बाळ चार-पाच महिन्यांचे होऊन रात्री सलग पाच-सहा तास झोपू लागल्यावरही आईला तीन वाजता टक्क जाग येत असेल, तर बहुधा शरीराला जागण्याची सवय लागलेली असते. महिनोन्‌महिने अंथरुणावर वाट पाहत, घड्याळ बघत, मोबाइल चाळत काढल्याने मेंदूने अंथरूण आणि जागेपण यांची सांगड घातलेली असते. ती सोडवण्यासाठी निद्रानाशावरची वर्तणूक उपचारपद्धती आहे, आणि निद्रानाशावर औषधांच्या आधी तीच सुचवली जाते. ढोबळपणे तिचे रूप असे: रात्र कशीही गेली तरी सकाळी उठण्याची वेळ एकच ठेवायची, झोप आल्याशिवाय अंथरुणावर जायचे नाही, वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही असे वाटले तर उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणे करत बसायचे, घड्याळ उलटे करून ठेवायचे, आणि दुपारची डुलकी तीनच्या आत अर्ध्या तासात आटोपायची. पहिल्या आठवड्यात त्रास वाढल्यासारखा वाटतो, म्हणून समुपदेशकाच्या देखरेखीखाली केलेली बरी. गरोदर स्त्रीला आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती चालते, कारण तिच्यात पोटात घ्यायचे काहीच नसते.